चार भोकांच्या मधली जागा

पाटी जागेवर नव्हती. ग्रंथालयाच्या देवडीत उजव्या भिंतीत बसवलेला तो लाल दगड होता, त्याच्या खालची घडीव पट्टी होती आणि त्या पट्टीवर, जिथे पंचाहत्तर वर्षे एक पितळी पाटी होती, तिथे चार भोके होती. भोकांच्या मधली जागा बाकीच्या भिंतीपेक्षा फिकट दिसत होती, वर्षानुवर्षे घातलेली अंगठी काढल्यावर बोटावर वळ उरावा तशी. माझ्या एका हातात व्हिनेगर, मीठ आणि मैदा कालवलेली वाटी होती, दुसऱ्या हातात जुन्या गंजीफ्रॉकचे फडके. मार्चमध्ये संत तेओफिलचा दिवस येतो. तो माझ्या वडिलांच्या, म्हणजे तातांच्या, नावाचा दिवस. आणि त्या दिवशी ती पाटी घासायची हा आमच्या घरचा रिवाज. पहिल्यांदा आईबरोबर, पुढे एकटीने, आणि गुडघे कुरकुरू लागल्यापासून मुलीच्या आधाराने मी तो पाळत आले आहे. त्या फिकट चौकोनाच्या मधोमध काहीतरी खरवडल्यासारखेही दिसले. डाव्या डोळ्यातल्या मोतीबिंदूमुळे मला तेवढेच दिसले, आणि पाटी उचकटणाऱ्याच्या हत्याराचा तो ओरखडा असणार असे मी ठरवून टाकले. मी एखादी गोष्ट ठरवून टाकली की ती तशीच असते, असे आमच्या घरात पंचावन्न वर्षे चालत आले आहे.

"आई, वाटी कलंडतेय. कोटावर सांडेल," वांडा म्हणाली.

"सांडू दे."

"कोट माझा आहे. तुझा धुवायला दिलाय."

वांडा माझी थोरली मुलगी; वय एकसष्ट. तिच्या आवाजावरून मला कळले की चार भोकांचे तिला माझ्याइतके नवल वाटलेले नाही. मी तिच्याकडे पाहत राहिले. माझ्या मुलांपैकी कोणालाही हे पाहणे तीस सेकंदांपेक्षा जास्त सोसलेले नाही. तिने पर्स उघडली आणि दुमडून दुमडून मऊ झालेले एक पत्र काढले.

"दोन आठवड्यांपूर्वी आलं. तुझा रक्तदाब बघून म्हटलं, नंतर सांगू."

"रक्तदाब माझा आणि टपालही माझं. दोन्ही तुझ्या पर्समध्ये ठेवायचं कारण नाही."

पत्रात लिहिले होते की देवडीतल्या दगडाची तज्ज्ञांकडून नव्याने तपासणी झाली असून पाटीवरच्या मजकुराचा फेरविचार करण्यासाठी आज अकरा वाजता बैठक आहे, आणि कुल्पा, म्हणजे माझ्या माहेरच्या, घराण्यातील कोणी हजर राहिल्यास आनंद होईल. अकराला दहा मिनिटे कमी होती. म्हणजे वांडाने मला या वेळी इथे आणले होते ते पत्र वाचूनच, फक्त ते मला सांगण्याचे धाडस तिला बसच्या पाच थांब्यांत झाले नव्हते. मनातल्या मनात मी तिला थोडे गुण दिले. उघडपणे दिले नाहीत.

बैठक मुलांच्या वाचनकक्षात होती, कारण मोठ्या दालनाचे छत गळत होते. खुर्च्या बुटक्या होत्या. मी बसायला नकार दिला, तेव्हा कोणीतरी ग्रंथपालांची खुर्ची आणून दिली आणि मी सर्वांपेक्षा हातभर उंच बसले. व्यवस्था योग्य होती. समोर विद्यापीठातून आलेली भूगर्भशास्त्राची बाई, मिस लिंडक्विस्ट, चाळिशीची, नाकावर उन्हाचे डाग. आणि एका तांबड्या बुटक्या खुर्चीत, गुडघे हनुवटीला टेकवून, माझ्याच वयाच्या आसपासचे एक गृहस्थ. त्यांनी टोपी काढून नाव सांगितले: ल्यूथर हाफटाउन, इथल्या मूळ रहिवाशांपैकी सेनेका जमातीच्या मंडळाकडून. दगडावरच्या खुणा त्यांच्या पूर्वजांच्या म्हणून इतकी वर्षे दाखवल्या जात होत्या, तेव्हा त्यांना विचारल्यावाचून काही ठरवायचे नाही, असा आता नियम झाला आहे म्हणे. नियम चांगला आहे. उशिरा झाला.

मिस लिंडक्विस्ट फार सावकाश बोलली, जसे लोक माझ्या वयाच्या बायकांशी बोलतात. "मिसेस सोबचिक, दगडावरच्या त्या रेघा माणसानं कोरलेल्या नाहीत. चाळीस कोटी वर्षांपूर्वी इथं समुद्र होता. तळाशी चिखल. त्या चिखलात एक किडा, निदान किड्यासारखा कुणीतरी, खाणं शोधत वाटा काढत गेला. त्या वाटांत वाळू भरली. वाळूचा दगड झाला, चिखल झडून गेला, आणि वाटा तेवढ्या उठून राहिल्या."

"आणि किडा?"

"तो कुणी पाहिलेला नाही. त्याची फक्त ये-जा शिल्लक आहे."

आता मी जे लिहिते आहे ते प्रामाणिकपणे लिहायचे तर असे: त्या क्षणी मला राग आला नाही, दुःखही झाले नाही. मला आनंद झाला. तो असभ्य म्हणावा इतका अचानक आला, एखाद्या गंभीर प्रवचनात पोटातून हसू यावे तसा, आणि तो कोणाला दिसू नये म्हणून मी हातमोजा काढून पुन्हा घातला. पण पुढचे वाक्य लगेच आले. पाटीवर मजकूर होता: प्राचीन मानवाची कोरीव लिपी, पाथरवट तेओफिल कुल्पा यांना सापडली, हे हाताचे काम असल्याची ग्वाही त्यांनी स्वतः दिली. मिस लिंडक्विस्ट म्हणाली की सापडल्याचा उल्लेख राहील, ग्वाहीचे वाक्य मात्र नव्या पाटीवर चूक म्हणून नमूद करावे लागेल, कारण लोक विचारतात. "त्यात लाजण्यासारखं काही नाही हं," ती म्हणाली, "त्या काळातल्या एका साध्या मजुराला हे कळणं शक्यच नव्हतं."

साधा मजूर. वांडाने माझ्या कोपरावर हात ठेवला, म्हणजे तिला माझा चेहरा दिसला असावा. पण मी त्या खोलीत उरलेच नव्हते. मी कालव्याकाठच्या त्या खाणीत होते, जून महिना, वय नऊ, शाळेची पांढरी कॉलर उन्हात मानेला टोचते आहे, आणि लाल धूळ इतकी की चघळावी. तातांच्या हातांत बारा टाक्या आलटून पालटून असत, आणि प्रत्येकीचा घाव दगडावर निराळा उमटतो हे मला बाराखडीच्या आधी कळले होते. दुपारी जेवणाच्या सुटीत मी त्यांच्यासाठी राय धान्याचा पाव आणि चरबी घेऊन जाई, आणि ते एका हाताने खात दुसऱ्या हाताने माझे बोट धरून ताज्या घडलेल्या दगडावर फिरवीत: ही रुंद टाकी, ही दातेरी, इथे यानेकचा हात थकला होता, बघ, घाव तिरका गेलाय. डोळे मिटून मी सांगू शके की कोणता दगड कोणी घडवला. ही विद्या मी पुढे कोणालाही दिली नाही. माझ्या मुलांच्या घरांना दगडच नव्हते. तर अशा माणसाला दगडावर टाकी चालली की नाही हे कळणे शक्य नव्हते, असे एक शिकलेली बाई, माझ्या खुर्चीपेक्षा बुटक्या खुर्चीत बसून, मला समजावत होती, आणि ती मुळीच वाईट बाई नव्हती, हेच तर अवघड होते. तिने पाटी वाचली होती. पाटीवर तसेच लिहिले होते. आणि पाटीवर तसे का लिहिले होते हे जगात एकाच माणसाला ठाऊक होते, आणि ते माणूस हातमोजा काढत होते आणि घालत होते.

त्या दिवशी खाणीत थर उलटा करताना त्याचे पोट वर आले. दगडाला पाठ असते आणि पोट असते. खाणीत निजलेला असताना वरची ती पाठ, मातीला टेकलेले ते पोट, असे आमच्या लोकांच्या बोलण्यात होते. त्या पोटावर जाड जाड रेघा उठल्या होत्या, एका मुठीतून निघालेल्या बोटांसारख्या फाकलेल्या, आणि प्रत्येक बोटावर बारीक आडव्या वळ्या. मुकादमाने काम थांबवले. दोन दिवसांनी शहरातून पांढऱ्या सुती सुटातले एक गृहस्थ आले. त्यांचे नाव पाटीवर तातांच्या नावाच्या वर होते; ते मी इथे देणार नाही, एवढा अधिकार माझ्याकडे राखून ठेवते. ही प्राचीन लिपी आहे हे त्यांनी मोटारीतून उतरण्यापूर्वीच ठरवले होते. (ठरवून टाकणारी माणसे मला दुरून ओळखू येतात.) त्यांना फक्त हवी होती एका कसबी पाथरवटाची साक्ष, आणि पाथरवटाला इंग्रजी येत नव्हते, म्हणून पाथरवटाच्या मुलीला पुढे ढकलण्यात आले. माझी डावी वेणी सुटली होती. आई कितीही घट्ट घालो, डावी वेणी दुपारपर्यंत सुटायचीच, आणि त्या सुटासमोर ती रिबीन लोंबते आहे याची मला मरणाची लाज वाटत होती. ताता गुडघ्यावर बसले. नेहमीसारखे त्यांनी माझे बोट धरले आणि त्या उठलेल्या रेघांवरून नेले. "टाकी कुठं आहे? शोध," ते म्हणाले. मी शोधली. नव्हती. रेघेच्या कडेला नाही, दोन रेघांच्या मधल्या सपाट जागेतही नाही. आणि रेघ उठावात ठेवायची तर भोवतालचा सगळा दगड खरवडून काढावा लागतो, तिथे तर घावांचे रान माजायला हवे. मग ताता त्या गृहस्थांकडे पाहून हसले आणि दोन शब्द बोलले: "रोबाचा रोबोता."

रोबोता म्हणजे काम. रोबाक म्हणजे किडा, रोबाचा म्हणजे किड्याचे. किड्याचे काम.

"काय म्हणतोय तो?" गृहस्थांनी विचारले.

खूप वर्षे मी स्वतःला सांगत आले की मी नीट ऐकले नाही. ते दोन शब्द जुळ्या बहिणींसारखे, एकीचा हात धरावा तर दुसरी निसटते. हे खरे नाही. मला दोन्ही शब्द स्वच्छ ऐकू आले होते. पण कालव्याच्या पुलावर शाळेतली पोरे आम्हां पोलिश मुलांना लाल किडे म्हणत, बापांच्या अंगावरच्या धुळीवरून, आणि तोच शब्द त्या पांढऱ्या सुटासमोर, माझ्याच तोंडाने, माझ्याच बापाच्या नावाने बाहेर काढायचा हे मला जमले नाही. मी पहिला शब्द गिळला आणि दुसरा दिला. "ते म्हणतात, हे काम आहे," मी म्हणाले. आणि गृहस्थांचा चेहरा इतका उजळला की मी आपल्या पदरचे आणखी थोडे घातले. "चांगल्या हाताचं काम." त्यांनी ते लिहून घेतले. वर्तमानपत्रात छापून आले. दगड शहरात आला, त्याच्याबरोबर तो भिंतीत बसवायला ताता आले, आणि त्यांचे काम पाहून दुसऱ्याने, मग तिसऱ्याने त्यांना बोलावले. असे आम्ही या बफेलो शहराचे झालो. माझी शाळा, माझे लग्न, वांडा आणि तिची भावंडे, चर्चच्या रोझरी मंडळाचे माझे एकतीस वर्षांचे अध्यक्षपद, सगळे त्या एका गिळलेल्या शब्दावर उभे आहे, आणि ते पक्के उभे राहिले, हे मी तक्रार म्हणून सांगत नाही.

वर्तमानपत्र चर्चच्या कारभाऱ्याने आमच्या स्वयंपाकघरात तातांना पोलिशमध्ये वाचून दाखवले. ताता राय धान्याच्या पिठाचे आंबट सूप पीत होते. ऐकून त्यांनी चमचा थांबवला, माझ्याकडे पाहिले, पुन्हा सूप घेतले. वाडगे रिकामे झाल्यावर म्हणाले, "चांगलं इंग्रजी येतं तुला." एवढेच. हे वाक्य मी प्रत्येक नाताळच्या आदल्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर सांगत आले आहे, तातांनी आयुष्यात केलेली एकमेव स्तुती म्हणून. नातवंडांना ते पाठ आहे. मी श्वास घेतला की ती कोरसात म्हणून टाकतात. ते 'किड्याचे काम' मात्र मी तातांची थट्टा म्हणून मनाच्या तळाशी ठेवले होते, कारण दगडावर लिपी आहे हे तोवर सगळ्यांना माहीत होते आणि हळूहळू मलाही माहीत झाले. आता मिस लिंडक्विस्टने सांगितले की ती थट्टा नव्हती. चष्मा न लावता, पुस्तक न उघडता, एका बोटाने, माझ्याच बोटाने, त्यांनी बरोबर वाचले होते. माझा तो असभ्य आनंद त्याचा होता. आणि त्यांचे नाव मात्र चुकीच्या वाक्याखाली अडकले होते, आणि ते सोडवायचे तर मला पुढे व्हावे लागणार होते, मुलीसमोर, परक्यांसमोर, चौऱ्याऐंशीव्या वर्षी. मी आजवर चर्चमध्ये सोडून कुठेही चूक कबूल केलेली नाही, आणि चर्चमध्येही मी शक्यतो मोघम बोलते.

"आमच्याकडून काही हरकत नाही," हाफटाउन म्हणत होते. मी खोलीत परतले होते. "ते आमचं आहे असं आमच्या आजीनं कधी म्हटलं नव्हतं. कुणी तिला विचारलंही नाही. मला मात्र विचारलं होतं. शाळेची सहल आली होती इथं. बाईंनी मला पुढं काढलं, म्हणाल्या, ल्यूथर, तुझ्या पूर्वजांनी काय लिहिलंय ते वाचून दाखव सगळ्यांना. मी नऊ वर्षांचा."

"मग काय वाचलंत?" वांडाने विचारले.

"मी म्हटलं, लिहिलंय, उद्या शाळेला सुट्टी."

वांडा हसली. मिस लिंडक्विस्ट हसावे की नाही अशा बेतात थांबली. मी हाफटाउनकडे पाहिले. गुडघे अजून हनुवटीशी होते.

"मिळाली का सुट्टी?" मी विचारले.

"छड्या मिळाल्या."

"माझं भाषांतर खपलं," मी म्हणाले, "म्हणून तुम्हाला छड्या बसल्या." आणि मग मी सांगितले. उभी राहून सांगितले, कारण अशी गोष्ट बसून सांगू नये. दोन्ही शब्द सांगितले, त्यांचा अर्थ सांगितला, कोणता गिळला आणि का गिळला तेही. लांबवले नाही. शेवटी म्हणाले, "तेव्हा मिस लिंडक्विस्ट, साध्या मजुराला ते कळलं होतं. कळलं नव्हतं ते सुटाला. आणि लबाडी केली ती मुलीनं."

वांडाने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला नवी होती. माझ्या मुलीला मी आयुष्यात प्रथमच नऊ वर्षांची दिसले असावे.

"म्हणजे नाताळचं ते," ती हळूच म्हणाली, "चांगलं इंग्रजी येतं तुला. ती स्तुती नव्हती."

"आता ते तू मला सांगू नकोस."

"नाही सांगत. मी आपली नातवंडांना सांगेन."

देवडीत आम्ही चौघे परत आलो ते मी मागणी केली म्हणून: ज्याने कोणी ती पट्टी खरवडली आहे त्याने ती दुरुस्त करून द्यावी, ती तातांनी घडवलेली आहे. मिस लिंडक्विस्ट म्हणाली की पाटी तिने स्वतः, चारही स्क्रू हाताने फिरवून काढली, ओरखडा निघणे शक्य नाही. हाफटाउन वाकले. खिशातून छोटा टॉर्च काढून त्यांनी प्रकाश बाजूने, भिंतीला घासून सोडला, आणि बराच वेळ तसेच राहिले.

"दगड किड्याचा असेल," ते म्हणाले, "पण हे मात्र कुणीतरी कोरलंय."

पाटी बसवली त्या दिवसाचे मला एवढेच आठवत होते की तातांनी ते काम दुसऱ्या कोणाला करू दिले नाही, आणि आम्हांला बाहेर पायरीवर बसवले. आत टाकी टकटकत राहिली. चार भोकांना एवढा वेळ कसा लागतो, असे आईने दोनदा म्हटले. मग ताता बाहेर आले, हात झटकले, आणि माझ्या पाठीवर एक चापटी मारून घराकडे चालू लागले. बस्स. त्यानंतर दर मार्चमध्ये मी ती पाटी चमकेपर्यंत घासली, आणि तिच्या मागे, पितळेच्या जाडीइतक्या अंतरावर, काय आहे ते मला पंचाहत्तर वर्षे दिसले नाही.

मी हातमोजा काढला. वांडाने मला कोपराखाली धरले आणि मी खाली वाकले, जेवढी माझे गुडघे वाकू देतात तेवढी. "काय आहे गं?" मी विचारले.

"किडा आहे," वांडा म्हणाली. "एवढासा. माझ्या करंगळीएवढा. वळ्या वळ्यांचा. आणि आई, त्याला कॉलर आहे."

लहानपणी मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, सारे गाव छातीवर मूठ मारून तीनदा लॅटिनमध्ये 'मेआ कुल्पा' म्हणे, आणि मला वाटे की एवढी माणसे दर रविवारी आमचे आडनाव घेतात ती आमच्याबद्दल प्रेम वाटते म्हणून. त्याचा अर्थ 'माझी चूक' असा होतो हे मला पुष्कळ उशिरा कळले, आणि तेव्हा मी फार रागावले होते. आता मी मिस लिंडक्विस्टला वही काढायला लावली आणि नवी पाटी तिथल्या तिथे सांगितली. किड्याचे काम, हे तेओफिल कुल्पा यांनी प्रथम ओळखले. भाषांतराची चूक: आपोलोनिया कुल्पा, वय नऊ. लग्नानंतरचे नाव नको. तो गुन्हा माहेरचा आहे. आणि पाटी हातभर बाजूला बसवा, ही जागा झाकायची नाही. मिस लिंडक्विस्ट म्हणाली की समितीला विचारावे लागेल. मी म्हणाले, विचारा, आणि ती कधी बसवणार ते मला कळवा, म्हणजे मी घासायला येईन. हाफटाउननी टोपी पुन्हा काढली.

मग मी बोट लावले. डोळे मिटले, ते तसेही फारसे कामाचे नाहीत. अरुंद टाकी, तातांची, सरळ घाव, कुठेही न थकलेला. शेपूट, वळ्या, कॉलर, त्याच्यावर एक वाटोळे डोके. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वांडाला न दिसलेले काहीतरी होते, अगदी बारीक, पीळ असलेले. मी उजवीकडचे टोकापर्यंत चाचपले. तिथे गाठ होती. मग डावीकडचे. दोन वेण्या होत्या, आणि डाव्या वेणीचे टोक सुटलेले होते.